आगोट भरली तेव्हा

जासईहून आमची बैलगाडी निघाली तेव्हा आई चाकावर हात ठेवून उभी होती. गाडीवान दोनदा ओरडला, तेव्हा कुठे तिने हात काढला. माझ्या लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता. हे पनवेलला भाताच्या गिरणीत कामाला होते. यांचे आईवडील कधीच गेलेले, त्यामुळे माझं सासर म्हणजे बाजारामागच्या चाळीतली एक खोली. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "पगार पुरला नाय तं पावसात इकडं ये. आमाला जड नाय तू."

आमच्याकडे पाऊस लागायच्या आत चार महिन्यांचं खाणं भरून ठेवतात. त्याला आगोट म्हणतात. जासईला तांदूळ शेतातला, मीठ आमच्याच मिठागरातलं. सुकी मासळी, मिरची, कांदे तेवढे बाहेरून आणायचे. भावकीतल्या बायका एकत्र जायच्या, ढीग आणून अंगणात ओतायच्या आणि प्रत्येक चुलीचा वाटा काढायच्या. बडबड, भांडणं, हसणं, सगळं त्या ढिगाभोवती. मी त्या घोळक्यात वाढलेली. बाजारात एकटीने जातात हेच मला माहीत नव्हतं.

पनवेलला आल्यावर यांनी पहिला पगार माझ्या हातावर ठेवला आणि समजावलं, "पावसात गिरणीला काम कमी असतं, मजुरी अर्धी व्हते. तवर आगोट भरली तं दोगं इथंच राहू. नाय भरली तं तुला चार महिने जासईला सोडतो." यांना वाटलं, ऐकून मी घाबरेन. मी मनात म्हटलं, देवा, नकोच भरू दे.

पण माझा स्वभाव आडवा आला. वाया घालवायचं हाताला ठाऊक नाही, त्याला मी काय करणार! पगार झाला की मी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधायची. तांदळाची एक, डाळीची एक, रॉकेलची, मासळीची. एकीतला पैसा दुसरीत जाऊ द्यायचा नाही. तांदळाऐवजी गिरणीतली कणी स्वस्तात मिळायची, तिच्या भाकऱ्या करायची. ताजी मासळी उन्हं उतरल्यावर घ्यायची, कारण तेव्हा कोळणीला घरी जायची घाई असते. भाजीवालीशी मी इतकी घासाघीस करायची की ती कपाळाला हात लावायची. हे कौतुकाने म्हणायचे, बायको काटकसरी मिळाली. खरं सांगू? हे गिरणीत गेले की दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस ती भाजीवालीच होती. भाव लगेच ठरला असता तर बोलणं संपलं असतं.

सुक्या मासळीची आख्खी टोपली घेतली तर भाव उतरतो, पण दोन माणसांना टोपली करायची काय? वाटून घ्यायला घोळका नव्हता. शेवटी शेजारच्या हलीमाबीच मला म्हणाल्या, "बेटी, तू आखी टोपली घे. अर्धी माझी. फिकीर कशाला करतेस?" आम्ही दोघींनी त्यांच्या ओटीवर बसून बोंबील वाटून घेतले. दोन वाटे करायला वेळ तो किती लागणार? उठून घरी आले आणि दार लावून रडले.

मे महिना सरत आला. डबे भरले, मडकी भरली, कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या. पुरचुंड्या सगळ्या रिकाम्या झाल्या. हलीमाबी बघायला आल्या, सगळं निरखलं आणि म्हणाल्या, "मीठ कुठं ठेवलंस?"

मिठाची पुरचुंडी मी बांधलीच नव्हती. मिठाला पैसे पडतात हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. जन्मभर पायाखाली मीठ बघितलेलं, ते हिशेबात धरायचं असतं हे मला कोण सांगणार?

आगोट भरली नाही, एवढं मी यांना म्हटलं असतं तरी दुसऱ्या दिवशी जासईला पोचले असते. मनात तेच होतं. पण मिठागरवाल्याची पोर मिठापायी माहेरी परतली, असं भावकीतल्या बायकांनी वर्षभर चघळलं असतं. आईला खाली बघायला लागलं असतं. माझ्याजवळ खडीसाखरेची एक पुडी होती, आईसाठी घेतलेली, जाताना न्यायला म्हणून. ती मी वाण्याला परत केली आणि तेवढ्याचं मीठ घेतलं. वाण्याने मीठ तराजूत घातलं तेव्हा मी दुसरीकडे बघत होते.

हे इतके खूश झाले की जासईच्या गाडीवानाबरोबर लगेच निरोप धाडला, आगोट भरली, हिला यायची गरज नाही. चार दिवसांनी गाडीवान आईचा निरोप घेऊन आला. "तुजी आये म्हनली, पोर हुशार निंगाली. तुजा वाटा बाजूला ठेवलेला, तो आता धाकल्या वहिनीला दिला." त्याने हे आनंदाने सांगितलं. मी विचारलं, आणखी काय म्हणाली? तो म्हणाला, "आनखी काय नाय."

त्या पावसाळ्यात आमच्या घरात काहीही कमी पडलं नाही. जासईला सगळे माझं कौतुक करत होते. ये म्हणून मात्र कुणी म्हटलं नाही. आई वाईट नव्हती. माझं भागतंय म्हणजे मी सुखात आहे, असं तिला वाटलं. पुढे दरवर्षी आगोट भरत गेली आणि मी पनवेलचीच झाले.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे कळेल. जासईला राहिलेल्यांना मात्र सांगते. घर म्हणजे काय, याचा मी पनवेलात खूप विचार केला. आपलं सगळं भागत असतानाही जिथून बोलावणं येतं, ते घर. म्हणून गावाबाहेर गेलेल्या पोरीचे डबे भरलेत असं कानावर आलं, तर समाधान मानून गप्प बसू नका. तिला बोलवा. ती म्हणेल, मला काही कमी नाही. तरी बोलवा.