लोकांकडे पाठ

गेली बावीस वर्षं मी लोकांकडे पाठ करून पोट भरते आहे. जर्मनीतल्या एका मध्यम गावच्या ऑपेरागृहात वाद्यवृंद चालवणं हे माझं काम. रंगमंचावर गायक, त्यांच्या पायाशी खोल खड्ड्यात वादक, आणि त्या खड्ड्यात एका चौथऱ्यावर मी, हातात दीड वीत काडी घेऊन. तिकीट काढून आलेल्या माणसाला माझा अंबाडा दिसतो, फार तर कोपर.

आईला हे समजावताना माझा पारा हमखास चढायचा.

"वाजवतेस काय?"

"काही नाही."

"गातेस?"

"नाही."

"मग पगार कसला देतात गो?"

खेडपासून एसटीनं तासाभरावरच्या आमच्या वाडीत तिनं सांगून ठेवलं होतं, की मुलगी परदेशात पेटीची मास्तरीण आहे. त्यातलं मास्तरीण मला आवडायचं, म्हणून मी ते कधी खोडून काढलं नाही.

वडील मुंबईच्या गोदीत कारकून होते. सातवीनंतर त्यांनी मला शिकायला तिकडे नेलं. चाळीशेजारच्या चर्चमध्ये एक म्हातारी बाई मुलांना फुकट पियानो शिकवायची. मी तिथं जी चिकटले ती चिकटलेच. पुढे शिष्यवृत्ती, पुढे जर्मनी. तिथं आठ वर्षं गायकांच्या तालमींना पियानो वाजवला. गायक चुकला की थांबायचं, मागून परत सुरू करायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. एका संध्याकाळी मुख्य वाद्यवृंदचालक तापानं फणफणला आणि ऐनवेळी मला खड्ड्यात उतरवलं. मग मी तिथंच राहिले.

यातलं आईनं काहीच पाहिलं नाही. एकदा व्हिसा नाकारला, एकदा वडील आजारी पडले, मग वडील गेलेच. मी व्हिडिओ पाठवला, तर तो बघून तिनं फोन केला, "पाठच दिसते तुजी."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं गेलेलंच होतं. अगदी समोरचं तेवढं, नळीतून बघावं तसं दिसत होतं, आणि तेही वर्ष-दीड वर्ष टिकलं तर टिकलं. आई रडली नाही. म्हणाली, "तेवढ्यात तुजं काम बगायचं हाय मला. डोळ्यांनी." मी बिनपगारी रजा टाकली आणि आले.

वाडीतल्या विहाराचं नवं सभागृह नुकतंच उभं राहिलं होतं. उद्घाटनाला बायका गाणी म्हणणार होत्या. वीस बायका, एक कीबोर्ड आणि धाकट्या मामांची ढोलकी. मी म्हटलं, हेच माझं ऑपेरागृह. दहा दिवस तालीम घेतली, आई रोज माझ्या पाठीमागं बसून ऐकायची.

मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आमी हाताकडं बगत न्हाय, बाय. गाणारणीच्या मानेकडं बगतो." आमच्याकडची रीतच तशी. एक बाई पहिली ओळ एकटी म्हणते, ढोलकीवाला ती ऐकतो, आणि मान हलली की ठेका धरतो. मी म्हटलं, दहा दिवस माझ्या हाताकडे बघा. मामांनी बघितलं, उपकार केल्यासारखं.

कार्यक्रम उन्हं कलल्यावर सुरू झाला. आई पहिल्या रांगेत, पांढऱ्या कोऱ्या लुगड्यात. वंदना झाली, भाषणं झाली. मी बायकांकडे तोंड केलं, म्हणजे गावाकडे पाठ. मागं कुजबुज उठली. मी हात वर उचलला आणि माइकचे कर्णे कर्कश किंचाळले.

आमच्याकडे गाणाऱ्यानं हात वर केला की माइकवाल्यानं आवाज वाढवायचा असतो. त्यानं नियम इमानदारीनं पाळला. 'थांब' म्हणून मी हात आणखी वर केला, त्यानं आवाज आणखी वाढवला. पोरांनी कानात बोटं घातली, लोक खो खो हसले. माझे कान तापले. माझं हसं झालं याचं मला काही नव्हतं. पण बावीस वर्षं याच लोकांना आईनं माझं कौतुक ऐकवलं होतं, आणि आता ती त्यांच्यातच बसलेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आई उठली. चाचपडत मंचाच्या पायऱ्या चढली आणि माइकवाल्यावर ओरडली, "मेल्या, तो हात तुला न्हाय, बायांना हाय!" मग बायकांना कोपरानं सारत मधल्या रांगेत शिरली आणि बरोबर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू गाणार?" मी विचारलं.

"मी बगणार. पाठ बगून कटाळले."

मी पुन्हा हात उचलला. या वेळी गाणं निघालं. आई दोन हातांवर होती. तांदळातले खडे बघावेत तशी ती माझ्याकडे बघत होती, पापणी न हलवता. वादकही माझ्याकडे बघतात, पण अर्धा डोळा समोरच्या कागदावर ठेवून. असं सबंध मला कुणी कधी बघितलं नव्हतं.

पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्या कडव्याला मागच्या रांगेला हातानं खूण द्यायची होती, आणि मी आईकडे बघत राहिले. हात जागच्या जागी राहिला. मामांनी मान हलवली, मागच्या रांगेनं ती पकडली आणि गाणं पुढे गेलं. टाळ्या भरपूर पडल्या. मामा माझ्याकडे बघून मिशीत हसले.

घरी येऊन पडवीत टेकलो तेव्हा अजून उजेड होता. विचारायचा धीर होईना, तरी विचारलं, "दिसलं?"

"दिसलं की. हात उचलायच्या आदी तू दम घेतेस. मग त्या समद्या घेतात." तिनं पाय पसरले. "दुसऱ्या कडव्याला मागच्यांना हात दाखवायचा राह्यला तुजा."

बावीस वर्षांत माझ्या पाठीमागं बसलेल्या एकाही माणसानं माझी चूक पकडली नव्हती. मला रडू फुटलं. ते तिला दिसू नये म्हणून मी बाजूला सरकले, कारण बाजूचं तिला दिसत नव्हतं.

"राहिला, आय," मी म्हटलं. "तुझ्याकडे बघत होते."

"माज्याकडं काय बगायचं? कामाकडं बगावं." तिनं हातानं चाचपून माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड आपल्या समोर वळवलं. "उद्या बायांना परत बोलाव. नीट करून दाखव."