खिशातला फ्यूज

मारेगावच्या घरी डिशची केबल बांधून गच्चीवरून उतरलो आणि पंखा बंद दिसताच बायकोवर ओरडलो. घराचा फ्यूज माझ्याच खिशात होता. मी वर असताना कुणी मेनचं बटन दाबेल, या संशयाने मीच काढून नेलेला.

बोटांना रबरी टेपचा वास येत होता. जहाजावर नोकरीला असताना डोलकाठीवर अँटेनाची केबल बांधली, तेव्हाही असाच होता. कुणी रडार सुरू केलं असतं, तर फिरत्या पात्याने मला खाली लोटलं असतं. खाली थांबलेल्या सोबती थॉमसवर काडीचा भरोसा नव्हता. रडारचा फ्यूज गुपचूप खिशात घातला. उतरलो, तर तो रडारचं बटन अडवून उभा, हातातला चहा गार.

“फ्यूज मेरे पास था,” मी ओशाळून सांगितलं.

“मालूम था.”

तेव्हा तो मला खुळा वाटला होता.

बायकोने हात पुढे केला. “द्या तो फ्यूज. तुम्ही उतरेपर्यंत मी बटनापाशीच उभी होती.”