बादलीतलं जस्त

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वैशालीलाही नाही, आणि बायकोपासून मला साधा पार्किंगचा दंडही लपवता येत नाही. सांगायला बसलोय खरा, पण मघापासून दोनदा उठून खिडकी लावलीय का ते बघून आलो.

इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला, आमच्या खालच्या मजल्यावर हेल्मुट राहतो. वयाने वडिलांच्या जागी, पण पहिल्याच हिवाळ्यात बिअरचा ग्लास पुढे करून त्यानेच मला अरे-तुरेवर आणलं. गावच्या नेमबाजी क्लबाच्या टीममध्ये तो होता. दुसरा गोतावळा असा नव्हताच. रायफलच्या गोळ्या तो घरीच ओतायचा — तळघरात शिसं वितळवून, साच्यात घालून. कागदावर पाच गोळ्या अशा बसायच्या, की बाटलीच्या बुचाखाली पाचही भोकं झाकावीत.

जवळचं बघायला त्याला चष्मा लागे. म्हणून ओतलेल्या गोळ्या तपासणं, वजन करणं माझ्याकडे. नोकरीतही मी हेच करतो — मोजतो.

शिसं यायचं टायरवाल्याकडून. चाकाचा तोल साधायला रिमवर जी वजनं लावतात, ती. पण त्या सुमारास शिशाची वजनं जाऊन जस्ताची येत होती, आणि दिसायला दोन्ही सारखीच. हेल्मुटने बजावलं होतं — एकेक तुकडा पकडीत दाबून बघ. शिशावर वळ उठतो, जस्तावर उठत नाही. जस्त मिसळलं तर सगळं भांडं गेलं.

मी बघितलं? पहिल्या दोन-तीन मुठी. मग वैशालीचा फोन — "अहो, लोक येऊन बसलेत, आणि तुम्ही अजून तळघरात?" हेल्मुट क्लबात गेला होता. उरलेली बादली मी तशीच भांड्यात रिकामी केली. थोड्या वेळाने काही तुकडे न वितळता वर तरंगत राहिले — जस्तच ते. झाऱ्याने काढून टाकायचे, एवढंच काम होतं. पण चांगला धातू फेकायचा? पानात शीत टाकलेलं न चालणाऱ्या घरात वाढलेला मी — आच वाढवली. सगळं विरघळलं. वर पेजेसारखं काहीतरी दाटून आलं, तेवढं काढलं.

"एकेक तपासलाय," मी त्याला सांगितलं.

"गेनाऊ — अगदी अचूक! इंजिनीअर तो इंजिनीअर," तो म्हणाला.

इथपर्यंतचं आळसात जमा करता येईल. पुढचं?

त्या शिशाच्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, कडा बोथट. एकाच साच्यातल्या, पण वजनं जुळेनात. काटा माझ्यासमोर होता, आणि मी "ठीक आहेत" म्हणालो. मग कागदावरची भोकं पांगू लागली. बूच सोडा, बशीखालीही मावेनात. क्लबात टोमणे सुरू झाले — "हेल्मुट, शेजारच्याच्या कागदावर मारतोयस का?" त्याला हसू आलं नाही. मला म्हणाला, "तू शोध. तुला पद्धत माहीत आहे."

पद्धत — एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नळी घासली. स्क्रू आवळले. गोळीला लावायचं मेण बदललं, बंदुकीची दारू नव्या डब्यातली घेतली. क्रम मी ठरवत होतो, आणि शिशाची पाळी मी येऊ दिली नाही. एकदा त्याने विचारलंही. "शिसं मी तपासलंय," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

मग उरलं काय? सांगतो — सांगायचं तर हेच आहे. एका शनिवारी त्याने रायफल खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. आणि ते वाक्य मी बोललो, त्याने नाही — "हेल्मुट, कदाचित तुझे डोळे असतील."

डोळ्यांच्या डॉक्टरने लांबची नजर उत्तम असल्याचं सांगितलं. हेल्मुटला पटलं नाही. "डॉक्टर मन राखतो. तू आकडे बघतोस."

रायफल त्याने टीममधल्या एकाला विकली. त्या माणसाने दुकानातल्या गोळ्या घालून पहिल्याच दिवशी पाचही बुचाखाली बसवल्या. मी शेजारीच उभा होतो. "बघ," हेल्मुट म्हणाला, "बंदूक निर्दोष. तू म्हणालास तेच खरं." तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — हो, तेही केलं.

त्यानंतर त्याने गाडीही विकली. अशा डोळ्यांनी रस्त्यावर कुणाचा जीव घ्यायचा का, म्हणाला.

रविवारी तो आता लेओनबर्गला बहिणीकडे बसने जातो. मी थांब्यापर्यंत सोबत असतो. वळणावर बस दिसते, तेव्हा मला पाटीवरचा आकडा अजून लागलेला नसतो. त्याचे ओठ मात्र हललेले असतात — आकडा बरोबर असतो. तरीही तो माझी बाही धरतो आणि विचारतो, "तीच ना?"

बस जवळ येईपर्यंत मी थांबतो. मग म्हणतो, "जा, तीच."