खालच्या पट्टीवरून झालेलं भांडण

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती नकाशे काढायची. पोटासाठी ते, जीव मात्र दुसरीकडे अडकलेला. ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून संगणकासाठी एक मोफत प्रणाली बनवत होते, आणि पडद्याच्या तळाशी असलेली बटणांची पट्टी नऊ वर्षं तिच्या ताब्यात होती. गटात सगळे तिला ताई म्हणत. वयामुळे कमी, दरडावण्यामुळे जास्त.

वर्षापूर्वी गटात एक नवा रचनाकार आला. दर आवृत्तीत काही ना काही कापायचा, म्हणून त्याचं नाव पडलं शिंपी. या खेपेला त्याची कात्री पट्टीवर आली. बटणांखालची नावं काढायची, नुसती चित्रं ठेवायची. आठ महिने खपून त्यानं सगळं तयार केलं होतं.

शनिवारच्या बैठकीत, पडद्यावर चौदा चेहरे असताना, ताईचा आवाज चढला. "माझ्या सासऱ्यांचे हात थरथरतात, नजर अधू झालीय. ते नाव वाचून बटण दाबतात. चित्रांवरून काय अंदाज बांधायचा त्यांनी?"

"ताई, तुमच्या घरातला एक माणूस म्हणजे सगळं जग नाही," शिंपी म्हणाला. "मी बावीस जणांना समोर बसवून पाहिलंय. तुम्ही किती जणांना विचारलंत?"

कोणीतरी खोकलं. मतं घेतली, शिंपी जिंकला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, तिनं आपला अधिकार वापरून त्याचं सगळं काम काढून टाकलं. कोणाला विचारलं नाही. खाली एक ओळ लिहिली: "चित्रं काढायची हौस असेल तर वहीत काढा."

कचेरी सुटेपर्यंत शंभरावर निरोप आले. कोणी पाठ थोपटली, कोणी हुकूमशहा म्हटलं. दोघं गट सोडून गेले. शिंप्याचा निरोप नव्हता. तेच जास्त टोचलं.

घरी सासरे दारातच उभे. गटाच्या बैठकांची टिपणं सगळ्यांना खुली असत. त्यांनी ती वाचली होती.

"माझे हात थरथरतात, हे गावभर कशाला सांगितलंस?"

"अप्पा, तुमच्यासाठीच भांडत होते मी."

"मी तुला वकीलपत्र दिलं होतं? चित्रं ओळखता येतात का, एकदा तरी विचारलंस?"

तिचा चेहरा उतरला. "येतात?"

"निम्मी येतात. पण ते मी सांगितलं असतं ना!"

दुसऱ्या दिवशी तिनं शिंप्याचं काम होतं तसं परत ठेवलं. सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यात कुठेही 'पण' नव्हतं. पट्टीचे अधिकारही आपणहून सोडले.

अप्पांनी एका बोटानं टाइप करत, न ओळखलेल्या आठ चित्रांची यादी गटाला पाठवली. शिंप्यानं उत्तर त्यांना दिलं, तिला नाही. तीन चित्रं बदलली, आणि हवी असतील त्यांना नावं दाखवायची सोय झाली.

ती आजही तिथे काम पाठवते. शिंपी तपासतो, चुका दाखवतो, नीट असेल तर घेतो. त्यापलीकडे अवाक्षर नाही.