घर विकताना कोणी बोलायचं नाही

यार, आमच्या घरात सामान कमी आणि किस्से जास्त झालेत! घर बघायला एक फॅमिली येते, नाक मुरडते, जाते. जाताना एक किस्सा ठेवून जाते. घर काही विकलं जात नाही!

सुरुवात माझ्या पैजेने झाली. मी बाबांना म्हटलं, "गिऱ्हाईक घरात असेपर्यंत खरं न बोलता राहून दाखवा. हरलात तर भांडी घासायची."

"त्यात काय! लागली पैज," बाबा म्हणाले.

पहिलं गिऱ्हाईक आलं. प्रॉपर्टी डीलर भाटियाजी सुरू झाले, "पानी चौबीस घंटे!" बाबा लाल झाले. घाम फुटला. शेवटी राहवलंच नाही. "चौबीस नहीं जी, सुबह-शाम आता है. वो भी मोटर चलाई तो!"

गिऱ्हाईक गेलं. बाबांनी भांडी घासली.

विकायची घाई आजोबांसाठी. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे गेलेत. पलीकडच्या पॉकेटमध्ये, म्हणजे शेजारच्या कॉलनीत, ग्राउंड फ्लोअर मिळतोय, पण तो मालक दिवाळीपर्यंतच थांबणार. आजोबांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

*

भाटियाजींनी आईला सांगितलं, "भाभीजी, घर होटल जैसा दिखना चाहिए." आईने सगळा पसारा बेडच्या बॉक्समध्ये कोंबला.

एका मॅडमनी विचारलं, "स्टोरेज?" भाटियाजींनी मोठ्या ऐटीत बॉक्स उघडला. आत कुकर, बाबांचे बनियन, आणि प्लेटमध्ये माझा अर्धा पराठा!

भाटियाजी हलले पण नाहीत. "देखा? कितना कुछ आ जाता है!"

*

आई कोणाला रिकाम्या पोटी पाठवत नाही. घर बघायला आलात? पोहे खाऊन जा! एक काका तर परत परत यायला लागले. खोल्या बघायचेच नाहीत, सरळ सोफ्यावर. "भाभीजी, मूंगफली थोड़ी ज़्यादा डालना."

बाबा चिडले. आई म्हणाली, "घर नसेल घ्यायचं, पण माणसाला चव आहे!"

*

मग सुरू झाली सीलन. म्हणजे भिंतीला ओल. पेंटरने नवीन रंग मारून दिला, तरी गिऱ्हाईक यायच्या दिवशी हॉलच्या भिंतीवर बरोब्बर ओला डाग! प्लंबर म्हणाला, "इस दीवार में पाइप ही नहीं है!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघणारच! भाटियाजींच्या बुटात शेव मीच भरली होती. पण आईशप्पथ, हे मी नव्हतो!

बाबा म्हणाले, "चिन्या, ग्राउंड फ्लोअर हातचा गेला, तर आजोबांना खांद्यावर घेऊन तू उतरवशील डॉक्टरकडे!"

*

गेल्या रविवारी अरोरा आंटी आल्या. बाबांनी मला सकाळपासून नजरकैदेत ठेवलेलं. तरी डाग आलाच! आंटींनी बोट लावलं. "भाटियाजी, ये तो गीली है. हमें नहीं चाहिए."

बाबांनी माझा कान धरला.

"अहो, मी तुमच्यासमोरच होतो ना!"

"तुझं काही सांगता येत नाही!"

जाता जाता आंटी बाल्कनीत डोकावल्या. मागून बाबा, त्यांच्या हातात माझा कान. तिथे खुर्चीत आजोबा. ही त्यांची रोजची ड्युटी. गेटसमोर कोणी गाडी लावली, की वरून आवाज, "ओ भाईसाब!" ग्राउंड फ्लोअरचा विषय काढला की म्हणायचे, "खालून काय दिसणार? लोकांच्या चपला?"

तेवढ्यात एकाने ऐन गेटमध्ये स्कूटी लावली. आजोबा तोंड उघडणार, त्याआधीच आंटी कठड्यावरून वाकल्या, "ओए! तेरे पापा का गेट है? हटा!"

स्कूटी हटली. समोरच्या बिल्डिंगवरची कबुतरंपण उडाली!

आजोबांनी आंटींना खालपासून वरपर्यंत बघितलं. मग गुडघे धरत उठले. खुर्चीखालून कुंड्यांना पाणी मारायचा स्प्रे काढला आणि बाबांच्या हातात ठेवला.

"पोराचा कान सोड," म्हणाले. आणि आंटींना खुर्ची दाखवत, "बैठो बेटी. दीवार सूखी है. पानी मैं मारता था."