रश्श्याचा तांबडा रंग

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई एका खानावळीत भाकऱ्या थापायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी दुपारचा राजारामपुरीतल्या एका व्हिडिओ स्टुडिओत काम करू लागलो. केबलवर लागणाऱ्या जाहिरातींचे रंग कॉम्प्युटरवर सुधारायचे, हे माझं काम. एखादी जाहिरात पूर्ण आपल्या हातची झाली की ती आईला दाखवायची, एवढं मनात धरलं होतं.

तशी पहिली जाहिरात मिळाली ती एका मटणाच्या हॉटेलची. तिथं स्वयंपाक करणाऱ्या मावशी वाटीत तांबडा रस्सा वाढतात, एवढंच दृश्य. ट्यूबलाइटमुळं सगळ्यावर हिरवट झाक आली होती. मावशींच्या पदराचा पांढरा काठ पांढरा दिसेपर्यंत मी ती काढली. मला वाटलं, जमलं.

हॉटेलमालक बघायला आले. सोबत मावशीही होत्या.

"पावणं, ह्यात चटणी घातलीया का न्हाय?" मालक म्हणाले. "नुसतं पाणी दिसतंय की. बघणाऱ्याला घरात बसून घाम फुटाय पायजे."

मी लाल रंग वाढवला. ते "आनि जरा" म्हणत गेले, मी वाढवत गेलो. रस्सा पेटल्यासारखा झाला. मालक खूश झाले.

मावशी मात्र पडद्याजवळ सरकल्या. त्यांच्या मनगटावर पोळल्याचे जुने, फिकट डाग होते. पडद्यावर ते लालभडक झाले होते.

"माझा हात आत्ताच पोळल्यागत दिसतोय की," त्या हळूच म्हणाल्या.

"लोक रस्सा बघत्यात मावशी, तुमचा हात कोण बघतंय?" मालक हसले. मावशीही थोडं हसल्या आणि मागं झाल्या.

फक्त रश्श्याचा रंग वाढवून हात जसाच्या तसा ठेवता आला असता. पण वाटी आणि हात दोन्ही हलत होते; व्हिडिओतल्या एकेका चित्रात रस्सा हातापासून वेगळा करायचा म्हणजे दोन दिवस गेले असते, आणि कॅसेट पाच वाजता केबलवाल्याकडं पोचवायची होती. "थोडा वेळ द्या" हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण नवीन होतो, काम जाईल असं वाटलं. मी जाहिरात तशीच कॅसेटवर उतरवली.

त्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ती जाहिरात लागली. मी आईला मुद्दाम पुढं बसवलं होतं. रस्सा खरोखरच झणझणीत दिसत होता. आईनं रश्श्याकडं बघितलंच नाही.

"बाईचा हात किती पोळलाय बघ," ती म्हणाली. "ताजंच हाय. तरी वाढाय उभी केलीया तिला."

आईचा स्वतःचा हात मांडीवर होता. तव्याच्या कडेनं उठलेल्या खुणा त्यावरही होत्या. ही जाहिरात मी केलीय, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. पुढंही कधी सांगितलं नाही.