नाशिक ते मॉरिशस, आणि पांडूचं मूळ गाव

पाणी भरून झालं होतं. केर काढला, दारात सडा टाकला, स्टोव्हवर चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत लाल बासनातल्या वह्या उन्हात नेऊन ठेवल्या. बाराच्या बारा. प्रत्येकीच्या पानांत वेखंडाची पूड भुरभुरली म्हणजे वर्षभर कसर लागत नाही. तेवढ्यात पोस्टमनने निळं एअरमेल पत्र आणून दिलं. माझ्या मुलाचं, प्रकाशचं होतं, मॉरिशसहून. तिकीट काढलं आहे, पासपोर्ट झाला असेलच, जूनच्या पहिल्या आठवड्यात निघ. चहा उतू गेला. मी स्टोव्ह पुसला आणि पुन्हा चहा ठेवला.

हे त्र्याऐंशी सालचं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. परवा नातीने विचारलं, तू मॉरिशसला गेली होतीस ते लिहीत का नाहीस, हल्ली लोक तिथे फिरायला जातात. म्हणून लिहिते आहे. तेव्हाचे भाव आणि वेळा आता उपयोगाच्या नाहीत. रस्ते बहुतेक तेच असावेत.

आधी वह्यांचं सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. आमचं घर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायाचं. गोदावरीवर श्राद्धाला, अस्थी घेऊन येणारे लोक, म्हणजे यजमान, आपापल्या ठरलेल्या उपाध्यायाकडे उतरतात, आणि जाताना वहीत लेख करतात: गाव, आडनाव, आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं, बरोबर कोण आलं ते. लेख येणाऱ्याने स्वतःच्या हाताने करायचा. पुढे पन्नास वर्षांनी त्याचा नातू येतो आणि पणजोबाचं नाव विचारतो. आमच्याकडे बागलाणातली गावं. सटाण्याकडची म्हातारी माणसं ओसरीवर बसून विचारायची, "आमनं नाव शे का, माय?" असायचंच.

जुने लेख मोडीत. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ह्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा मी मोडी शिकले, वहीतूनच. एक ओळखीचं नाव धरायचं आणि त्यावरून पुढचं अक्षर लावायचं. दुपारी मी वाचायची आणि हे ऐकायचे. पुढे वाचनालयातली पुस्तकं आणायला लागले, पण सुरुवात ती. हे जाऊन आठ वर्षं झाली होती. दुपारी मी तरीही वाचत असे, मोठ्याने.

प्रकाशला ह्यांनी या धंद्यात घातलंच नव्हतं. तो साखरेचा इंजिनियर झाला, आधी जिल्ह्यातल्या एका कारखान्यात आणि मग करारावर मॉरिशसला. त्याचं म्हणणं साधं होतं. आईने कायमचं यावं. परतीचं तिकीट सहा महिन्यांचं होतं. बरं वाटलं तर ते सोडून द्यायचं आणि नाशिकच्या दोन खोल्या धाकट्या दिरांना द्यायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी वह्यांच्या कपाटाची चावी भावजींच्या हातात दिली. ते म्हणाले, "वहिनी, कायमची देताय की सांभाळायला?"

मी म्हटलं, नोव्हेंबरात सांगते.

नाशिकहून एसटीने मुंबई. कसाऱ्याचा घाट उतरताना दोघी बायका उलट्या करत होत्या. मी लिंबू घेऊन बसले होते, ते त्यांना दिलं. मुंबईत प्रकाशच्या मित्राकडे एक दिवस राहिले. विमानात सहा-सात तास लागले. माझ्याजवळ खोबऱ्याच्या पाच वड्या, गोडा मसाला, मेतकूट आणि एक किलो देवळ्याचे कांदे. कांदे तिथल्या विमानतळावर काढून घेतले. झाडपाला, कांदे, माती लागलेलं काही चालत नाही. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मसाला कोणी उघडूनही पाहिला नाही.

विमानतळापासून सूयाकपर्यंतचा रस्ता उसातून जातो. दोन्ही बाजूंना गाडीहून उंच ऊस आणि मध्येच काळ्या दगडांचे ढीग, शेतातून वेचून रचलेले. सूयाक हे दक्षिण टोकाचं गाव. बाकी बेटाला समुद्रात खडकांचा कठडा आहे, इथे तो तुटलेला. म्हणून लाटा थेट कड्यावर येतात. पोहायला जाऊ नये. बसायला जावं.

प्रकाशचं क्वार्टर कारखान्याजवळ होतं. तीन खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागे लिचीचं झाड. सूनबाई, मीना, मोकळ्या मनाची. नात मुग्धा चार वर्षांची, तिला तिथली क्रिओल भाषा माझ्या मराठीपेक्षा बरी यायची. आठ दिवसांत मला बाजाराची बस कळली. क्युरपीपला उतरून दुसरी बस धरली की पोर्ट लुईचा बाजार, सगळे मिळून दोन तास. बाजाराच्या दारात डाल पुरी मिळते, पातळ, जोडीने, आत वालाची उसळ आणि टोमॅटोची चटणी. एका जोडीत जेवण होतं. क्युरपीपला छत्री लागते, कधीही गेलं तरी.

बसमध्ये पहिल्यांदा मराठी ऐकलं तेव्हा मी मान वळवली. दोन म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या, की कोणाच्या तरी सुनेने गणपतीला पावाचा नैवेद्य दाखवला. एक म्हणाली, "देव काय बोलला नाय ना? मग तू कशाला बोलतंस." कोकणी वळणाचं, जुनं मराठी, मध्येच फ्रेंच शब्द. ही माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उसाच्या कामाला बोटीतून आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं.

तशांपैकी एक धर्माकाका. कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेली. रोज चारला येऊन पडवीत बसायचे. मी बिनसाखरेचा चहा घेते हे कळल्यावर त्यांनी प्रकाशला विचारलं, तुझी आई कारखाना बंद पाडायला आली काय. त्यांचं पूर्ण नाव धर्मा पांडू. पांडू हे आडनाव. मी म्हटलं, हे आडनाव कसं? तेव्हा त्यांनी सांगितलं, की बोटीवरून उतरताना आज्याला नाव विचारलं, तो पांडू म्हणाला, साहेबाने तेवढंच लिहिलं. तेव्हापासून सगळं घर पांडू. आधीचं आडनाव गेलं. एक कागद होता, तोही एका तुफानात छपराबरोबर गेला.

गणपती झाले आणि पितृपक्ष लागला. धर्माकाका त्या दिवशी अंगात धुतलेला सदरा घालून आले, चहाला नको म्हणाले. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घ्यायची असतात. त्यांना दोनच येत होती, बाप आणि आजा. तिसऱ्या जागी गेली चाळीस वर्षं ते गप्प राहत होते. भटजी पुढे जायचा. नाशिकच्या वह्यांचं प्रकाशने त्यांना सांगितलं होतं.

"वैनी," ते म्हणाले, "पांडूचा बाप कोन, ते तुमच्या वहीत आसल काय?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. वही गावावर चालते. माणूस कुठेही जाऊन राहू दे, वहीत तो मूळ गावाखालीच सापडतो. गाव नाही, आडनाव नाही, तर कुठलं पान उघडायचं? शिवाय कोकणातली गावं आमच्या घराकडे नाहीत. ती कोणाकडे आहेत हेही गाव कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

ते म्हणाले, "तवा नाय लिवलं. आता लिवा. माझ्या नातवाला तरी नावं कमी पडायची नायत."

मी म्हटलं, लेख नाशिकला येऊन करायचा असतो, वही पुढ्यात घेऊन.

"मी येतो कुठला? डाक्टर मला क्युरपीपला जाऊ देत नाय. तुमी इथं बसलाव. कागुद इथं हाय." त्यांनी खिशातून पेन काढून दाखवलं. "हात बी हाय."

मी त्या दिवशी हो म्हटलं नाही. अधिकाराचा प्रश्न होता. आमच्या घरात बाईने लेख करून घेतल्याचं मला माहीत नव्हतं. मी फक्त वाचत आले होते.

ऑक्टोबरात भावजींचं पत्र आलं. सगळं क्षेम. खोल्यांना रंग दिला. एक ओळ अशी: देवळ्याहून कांद्याचे एक शेतकरी वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते, आजोबांचा लेख मागत होते, देवळ्याची पानं पाहिली, नाव नाही, तसं सांगून परत पाठवलं.

मी ते पत्र हातात घेऊन मागच्या दारी लिचीखाली गेले. पत्रात त्यांचं आडनाव दिलं होतं. ते घर देवळ्याचं नव्हेच. दोन पिढ्यांमागे जमीन घेऊन देवळ्याला गेलं. मूळचं सटाण्याचं. चौथी वही, सटाण्याची पानं, मोडीत. त्या लेखाच्या खाली ह्यांनी शाईचा ठिपका पाडला होता आणि मी टिपून घेतला होता. भावजींना मोडी येत नाही, पण चूक मोडीची नव्हती. ते माणूस राहतो तिथे शोधत होते.

रात्रीचं जेवण झाल्यावर प्रकाशला सांगितलं, की मी नोव्हेंबरात जाते. तो आधी हसला. मग म्हणाला, मीनाचं काही चुकलं का. नाही म्हटलं. मुग्धाला तुझी सवय झाली. हो, झाली. इथे तुला काय कमी आहे? काही नाही. खरंच नव्हतं. तिथे मला गुडघेदुखीसुद्धा कमी होती.

"आई, बाबांनी मला त्यातून सोडवलं," तो म्हणाला. "आणि तू चाळीस-पन्नास मोडी पानांसाठी परत चाललीस. बाबा नाहीत तिथे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "वह्या आहेत."

तो दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला. तिसऱ्या दिवशी तिकिटाची तारीख पक्की करून आला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी धर्माकाकांकडे गेले. मुग्धाच्या वहीतून दोन कोरे कागद नेले होते. त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. फ्रेंच वळणाच्या अक्षरात त्यांनी सावकाश लिहिलं: आपलं नाव, बापाचं, आजा पांडू, तीन मुलगे, दोन मुली, सात नातवंडं, आणि मयत बायको, जिचं नाव त्यांनी दोनदा गिरवलं. गावाच्या जागी हात थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जिथे घर आहे ते लिहा. त्यांनी सूयाक लिहिलं. पांडूच्या बापाची जागा मी त्यांना मोकळी ठेवायला सांगितली. कधी कळलं तर.

"कळलं तर मोठ्या अक्षरात लिवा," ते म्हणाले. "तिथनं मला दिसायला पायजे."

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. मुंबईहून एसटी. घाटात थंडी वाजली. नाशिकला उतरले तेव्हा दुपार होती, खोल्यांना नव्या रंगाचा वास होता. भावजींनी चहा केला. प्रकाशचं विचारलं, साखरेचं विचारलं. मग म्हणाले, "परदेशातून आणलंत काय, वहिनी?"

मी कागद पुढे केला. "एक यजमान."

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. अक्षर त्यांना लागेना. हे गाव कोणाच्या वाट्याचं, असं विचारलं. आतापर्यंत कोणाच्याच नव्हतं, मी म्हटलं. मग देवळ्याच्या लेखाचं सांगितलं, कुठली वही, कितवं पान. ते उठून कपाटाकडे गेले, तिथे उभे राहून त्यांनी पान काढलं, शाईचा ठिपका पाहिला. येताना चावी माझ्या बशीशेजारी ठेवली.

मॉरिशसला मी पुन्हा गेले नाही. प्रकाश तिथेच राहिला, दोन-तीन वर्षांतून एकदा येतो. मला त्या कड्यावरचा वारा आठवतो, आणि डाल पुरी. ज्यांना तिकडे कायमचं जायचं आहे त्यांनी खुशाल जावं. चांगला देश आहे, माणसं चांगली आहेत. मूळ गाव तेवढं कुठेतरी लिहून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं, केर काढला, सडा टाकला. बाराव्या वहीतलं कोरं पान काढलं, वर सूयाक असं लिहिलं आणि धर्माकाकांचा कागद त्याखाली खळीने चिकटवला. खळ वाळेपर्यंत देवळ्याला पोस्टकार्ड लिहिलं: तुमच्या आजोबांचं नाव आहे, केव्हाही या.